पगार मीटिंगचा

प्राध्यापकांची जमात वर्षभर 'लोड फार झालाय' म्हणून कुरकुरते आणि लोड कमी होणार अशी नुसती कुणकुण लागली की उपोषणाला बसते. हमालाच्या पाठीवरचं एक पोतं काढून घ्या, तो तुम्हाला दुवा देईल. प्राध्यापकाचा एक तास काढून घ्या, तो सहसंचालकांच्या कार्यालयात निवेदन देईल. एक प्रत विद्यापीठाला आणि एक स्थानिक दैनिकाला. त्याचंही बरोबरच आहे. पोतं गेलं तरी हमाल राहतो. तास गेला की जागा जाते, आणि जागा गेली की गृहकर्ज तेवढं राहतं.

हे मी अधिकाराने सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कॉलेजात, मी अर्थशास्त्र शिकवलं आणि बरीच वर्षं वेळापत्रक समितीचा प्रमुख होतो. या प्रमुखाशी जूनमध्ये सगळे गोड बोलतात आणि जुलैपासून कोणीच बोलत नाही. सोमवारचा पहिला तास कोणाला, शनिवारचा शेवटचा कोणाला, आणि रोज अपडाउन करणाऱ्या मॅडमना एसटीच्या वेळेत बसणारे कोणते, या तीन प्रश्नांवर मी जेवढ्या वाटाघाटी केल्या तेवढ्या परराष्ट्र खात्यातही होत नसतील.

आता निवृत्त होऊन लेकीकडे उरायासुला असतो. उरायासु हे टोकियोला चिकटलेलं, पण टोकियोत नसलेलं शहर आहे. चिबा प्रांतात येतं. जग ज्याला टोकियो डिस्नेलँड म्हणतं, ते १५ एप्रिल १९८३ला उघडलं ते या उरायासुत. म्हणजे एके काळी वाघोलीचा फ्लॅट 'पुण्यात' म्हणून विकायची कला फक्त आपल्याच बिल्डरांना अवगत होती असं नाही. गाव मुळात कोळ्यांचं. १९७१ साली त्यांनी मासेमारीचे उरलेसुरले हक्क सोडले, समुद्रात भराव पडत गेला आणि गाव चौपट मोठं झालं. २०११च्या भूकंपात या भरावाच्या जमिनीचा चिखल झाला आणि रस्त्यातले मॅनहोल जमिनीच्या वर आले. जवळच मेइकाइ विद्यापीठ आहे. तिथे १९९२पासून स्थावर मालमत्ताशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि जपानात अशी दुसरी नाही. समुद्रातून जमीन काढून ती विकून दाखवलेल्या गावाला हा विषय शिकवायची काय गरज, असा प्रश्न मला पडतो. पण त्यांचा वर्कलोड धोक्यात येईल म्हणून मी तो मोठ्याने विचारत नाही.

आमच्याच मजल्यावर एक गृहस्थ राहतात. वय साठीच्या अलीकडे, हातात कायम फुगलेली बॅग. इंग्रजी साहित्य शिकवतात, त्यामुळे आमचं बोलणं दुभाष्याशिवाय चालतं. मीही मास्तर होतो हे कळल्यापासून लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांना 'सेन्सेई' म्हणून वाकतो. लिफ्ट लहान आहे, वाकताना डोकी आपटू नयेत म्हणून आधी ते वाकतात, मग मी.

तर हे सेन्सेई चार विद्यापीठांत शिकवतात. ऐकायला भारदस्त वाटतं. मलाही वाटलं होतं, केवढा विद्वान, चार विद्यापीठं याच्यासाठी भांडतायत! नंतर उलगडा झाला की चारपैकी एकाही विद्यापीठाने त्यांना ठेवून घेतलेलं नाही. आपल्याकडचं 'तासिका तत्त्व', म्हणजे कायम नोकरी न देता तासांवर नेमणूक, ते त्यांच्याकडचं 'हिजोकिन'. तिथे हिशोबाचं माप आहे कोमा, म्हणजे नव्वद मिनिटांचा एक तास. सेन्सेई आठवड्याला तेरा कोमा घेतात. सोमवारी केइयो लाइनने पूर्वेला, मंगळवारी मुसाशिनो लाइनने टोकियोला लांबचा वळसा घालून, बुधवारी तोझाइ लाइनने शहराच्या पोटात. कोरोनाच्या आधी या तोझाइ लाइनवर गर्दीच्या वेळी क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं असत. त्या गर्दीत ते उभ्याउभ्या निबंध तपासतात. लाल पेन वापरत नाहीत. शेजाऱ्याच्या शर्टावर रेघ उठली तर काय, म्हणून पेन्सिल.

याच विद्यापीठांत पूर्णवेळ प्राध्यापकांना पाच-सहा कोमांची सक्ती असते. त्याहून जास्त घेतले तर बऱ्याच ठिकाणी जादा भत्ता. म्हणजे सेन्सेई एकटे दोन प्राध्यापकांएवढं शिकवतात. मग दोघांएवढा पगार? छे. एका कोमाला महिन्याला साधारण २५ ते ३० हजार येन. पाठांची तयारी, पेपर काढणं, तपासणं, नापास मुलांच्या ईमेलना उत्तरं, सगळं त्यातच आलं.

इथे घड्याळाचा एक विषय मध्येच सांगून टाकतो, कारण अर्थशास्त्राच्या माणसाला मापात खोट दिसली की राहवत नाही. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये इथली त्सुकुबा एक्स्प्रेस वीस सेकंद लवकर सुटली, म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती. जगभर कौतुक झालं. त्याच देशातल्या विद्यापीठांत नव्वद मिनिटांचा कोमा श्रेयांकांच्या हिशोबात दोन तास धरतात! तीस मिनिटं कुठे गेली म्हणून आजवर कोणी वाकून माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. आपण तरी कुठे मागतो? आपल्या कॉलेजांतला तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवायचं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने चौदा. सोळा तासांची मिनिटं झाली ९६०, भागिले ४८, आल्या वीस तासिका. नेमका भाग जातो, बाकी शून्य. ज्याने कोणी ही अठ्ठेचाळीस मिनिटं शोधली, त्याला गणिताची नाही तर निदान शांततेची पगडी तरी द्यायला हवी, कारण शासन सोळा म्हणतं, कॉलेज वीस म्हणतं आणि दोघंही खरं बोलत असतात. नव्वद मिनिटं सलग बोलायचं म्हटलं असतं तर आमच्या अर्ध्या स्टाफचं बोलणं चाळिसाव्या मिनिटाला संपलं असतं आणि उरलेल्या वेळात हजेरी दोनदा झाली असती.

सेन्सेईंनी एकदा वहीत हिशोब मांडून दाखवला. जपानी माणसाने पगाराबद्दल बोलणं म्हणजे आपल्याकडे सुनेने सासूसमोर माहेरची बढाई मारण्यासारखं. पण मी परदेशी, शिवाय निवृत्त, शिवाय अर्थशास्त्राचा. कोमाला २८ हजार धरा. बारा महिन्यांचे ३ लाख ३६ हजार. वर्षाला दोन सत्रं, पंधरा-पंधरा आठवड्यांची. भागिले तीस, म्हणजे एका पाठाला ११ हजार २०० येन. मी म्हटलं, वा! ते म्हणाले, थांबा. पाठ दीड तास, तयारी तीन तास, जाणंयेणं तीन तास, तपासणी आणि पत्रव्यवहार दोन तास. साडेनऊ तास. तासाला आले सुमारे ११८० येन. चिबा प्रांतात कोणत्याही कामाची किमान मजुरी ऑक्टोबर २०२४पासून तासाला १०७६ येन होती. त्यांनी खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "वरचे शंभर येन शेक्सपिअरचे."

त्यांचे विद्यार्थी संध्याकाळी डिस्नेलँडमध्ये झाडू मारायला जातात. त्यांनाही तासावरच पैसे. तिथे मात्र झाडू मारणाऱ्याला सफाई कामगार म्हणत नाहीत, 'कास्ट' म्हणतात, म्हणजे तोही नाटकातलाच एक नट. तो ओल्या झाडूने फरशीवर मिकी माउसचं चित्र काढतो आणि लोक टाळ्या वाजवतात. सेन्सेईंनी छत्तीस वेळा 'हॅम्लेट' शिकवलाय, टाळी एकदाच पडली. पंखा बंद झाल्यावर एका मुलाने डास मारला होता.

मी त्यांना आपल्याकडचा भाव सांगितला. काही वर्षांपूर्वी शासनाने पदवीच्या वर्गाला तासाचा दर वाढवून ९०० रुपये केला. त्याआधी तो ६२५ होता, आणि त्याच्या आधीचा आकडा परक्या देशात सांगण्यासारखा नाही. अनुदान आयोगाने २०१९ साली पाहुण्या प्राध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार ठरवून दिले होते. ते आपल्याकडे बातमीपुरते आले. सेन्सेईंनी पटकन आकडेमोड केली. ९०० रुपये म्हणजे साधारण पंधरा-सोळाशे येन, बरे आहेत, म्हणाले. मग मी बाकीचं सांगितलं. एका रिक्त जागेवर दोघांना बसवतात, म्हणजे दोघांचाही लोड अर्धाच भरतो. दिवाळीच्या सुट्टीत तास नाही, म्हणून पैसे नाहीत. परीक्षेच्या काळात तास नाही, म्हणून पैसे नाहीत. उन्हाळ्यात कॉलेज बंद, पोट चालू. सत्र संपलं की नेमणूक संपते आणि पुन्हा नव्याने मुलाखत, त्याच माणसाची, त्याच खोलीत, त्याच तिघांपुढे. आणि जे काही मिळायचं ते महिन्याच्या महिन्याला मिळत नाही. बिल जातं, त्रुटी निघते, परत येतं, पुन्हा जातं.

"सुट्टीतही आम्हाला महिना मिळतो," सेन्सेई हळू आवाजात म्हणाले. "प्रवासखर्चही." पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर सुखी माणसाचे भाव दिसले. परदेशात राहून आपल्या देशाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

आता मुख्य मुद्दा. मी पस्तीस वर्षांच्या जवळपास पगार घेतला आणि तो शिकवण्याचा आहे असं समजून घेतला. उरायासुत येऊन कळलं की तसं नव्हतं.

याच चिबा प्रांतात अबिको नावाचं शहर आहे. तिथल्या चुओ गाकुइन विद्यापीठातल्या एका अर्धवेळ शिक्षकाने खटला भरला होता. म्हणणं सरळ: मी पूर्णवेळवाल्यांइतके, किंबहुना जास्त, कोमा घेतो, त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पगार, बोनस, भत्ते, हा फरक अन्यायाचा आहे. २०१९च्या मे महिन्यात टोकियो जिल्हा न्यायालयाने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तो कायम केला: दावा फेटाळला. का? कारण पूर्णवेळ प्राध्यापक फक्त शिकवत नाहीत. ते प्राध्यापक मंडळाच्या सभांना बसतात, समित्यांवर असतात, प्रवेश परीक्षेची कामं करतात, विद्यापीठ चालवण्याची जबाबदारी उचलतात. अर्धवेळवाला नुसता शिकवतो.

'नुसता शिकवतो.' हे वाचून मी लेकीच्या सोफ्यावर उठून बसलो. आयुष्यभर ज्या मीटिंगांना मी शिव्या घातल्या, तो माझा खरा धंदा होता! शिकवणं हे त्याबरोबर चकटफू दिलेलं. पगारपत्रकातून मीटिंग वजा करा, उरतो तो तासाला नऊशे रुपयांचा माणूस.

मग जुन्या गोष्टी नव्याने दिसायला लागल्या. २०१३ साली महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी ४ फेब्रुवारीपासून परीक्षांवर बहिष्कार टाकला होता. तीन महिने चालला. वर्ग चालू होते, लोक शिकवत होते, फक्त परीक्षेचं काम करत नव्हते. शासनाने ७१ दिवसांचा पगार रोखला. 'आम्ही शिकवलंय ना!' असं आम्ही तारस्वरात सांगत होतो. तेव्हा वाटलं, शासनाला आमचं म्हणणं कळत नाही. आता वाटतं, आम्हालाच शासनाचं कळत नव्हतं. पगार शिकवण्याचा असतो हे शासनाला कोणी सांगितलं होतं? तो रोखलेला पगार मिळवायला पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली.

मीटिंग या वस्तूबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. आमच्याकडे पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दाराजवळच्या खुर्चीवर बसणारे आमचे तासिकावाले तरुण सहकारी हा विषय आला की एकमेकांकडे बघून हसायचे. त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं होतं, या कॉलेजात कायम होतं ते फक्त इतिवृत्त. मग नॅकच्या मूल्यांकनाची फाइल, मग 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हणून काय दाखवायचं यावर चर्चा (शेवटी दर वेळी झाडं लावणं ठरायचं; लावलेल्या झाडांच्या फोटोवरून मोजलं तर आमच्या आवारात ताडोबा व्हायला हवा होता), आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचे विषय. ऐन वेळी चहा यायचा. त्या चहासकट बसण्याचे सत्तावन्न हजार सातशे मूळ वेतन, हे सातव्या वेतन आयोगाचं सुरुवातीचं, महागाई भत्ता वेगळा.

जपानी मीटिंगही अशीच का, असं मी सेन्सेईंना विचारलं. ते म्हणाले, हल्लीचं ठाऊक नाही, आम्हाला बसू देत नाहीत. खटल्याचा निकाल वाचून त्यांनी चारपैकी एका ठिकाणी नम्रपणे विचारून पाहिलं होतं की मी मीटिंगला यायला तयार आहे, त्या कामाचे पैसे देता का. कळवण्यात आलं की मीटिंगला बसण्यासाठी आधी पूर्णवेळ असावं लागतं. पूर्णवेळ का नाही, तर मीटिंगला बसत नाही म्हणून. हे चक्र मला ओळखीचं वाटलं. आपल्याकडे 'अनुभव हवा' म्हणून नोकरी मिळत नाही आणि तासिकेचा अनुभव मोजताना शिक्क्यात खोट निघते.

अर्थात एकदा पाच वर्षं सेन्सेई मुदतबंद पूर्णवेळ होते. त्या काळात त्यांनी मीटिंगाहून मोठं काम केलं: प्रवेश परीक्षेचं पर्यवेक्षण. जानेवारीच्या मध्यावर शनिवार-रविवार असे दोन दिवस देशभर एकच परीक्षा असते. पर्यवेक्षक असतात विद्यापीठांचे प्राध्यापक. त्यांना जाडजूड पुस्तिका देतात आणि तीतलं वाक्य जसंच्या तसं, ठरलेल्या मिनिटाला वाचायचं. 'पेन्सिल खाली ठेवा' हे आपल्या मनाने 'पेन्सिली ठेवा आता' असं म्हटलं तर देशभरातल्या लाखो मुलांवर अन्याय. शेक्सपिअरवर वीस निबंध लिहिलेला माणूस घड्याळाकडे बघत कोरसमध्ये वाक्य वाचतो. "वर्षभरातलं माझं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं व्याख्यान," सेन्सेई म्हणाले.

पाच वर्षं म्हणताच कायद्याची गंमत आलीच. जपानात एप्रिल २०१३पासून नियम आहे की मुदतीच्या करारावर पाच वर्षांहून जास्त काम झालं की कर्मचाऱ्याला कायम करार मागण्याचा हक्क मिळतो. हेतू चांगला. पण हेतू चांगला असला की प्रशासन लगेच कामाला लागतं. काही ठिकाणी पाचवं वर्ष संपायच्या आतच लोकांना नारळ देण्याचा विचार सुरू झाला. पुढे संशोधक आणि प्राध्यापकांसाठी पाचाची मुदत दहा वर्षं करून घेतली गेली. आपल्याकडे इतका लांबचा विचार करत नाहीत. आपण दर सत्राला 'खंड' देतो. दोन-चार दिवसांचा खंड पडला की आधीचं सगळं धुतलं जातं, जणू माणूस आजच जन्माला आला. हक्क मागायला आलाच तर विचारतात, "आपली सेवा सलग आहे का?"

लोड वाचवण्यासाठी आम्ही काय काय केलं ते सेन्सेईंना सांगितलं तेव्हा त्यांनी डायरीत टिपून घेतलं. एका विषयाला मुलं कमी पडली की तो विषय बंद, जागा अतिरिक्त. म्हणून मे महिन्यात आमचे एक सहकारी मोटारसायकलवर वाड्या-वस्त्या फिरायचे. 'ताई, हिला अर्धमागधी द्या, मार्क चांगले पडतात.' फी स्वतः भरायचे, पुस्तकं स्वतः आणायचे, परीक्षेच्या दिवशी मुलीला गाडीवर बसवून आणायचे. ती मुलगी म्हणजे त्यांची पेन्शन होती. नवीन शैक्षणिक धोरण आलं तेव्हा तर नवी आघाडी उघडली. 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषय कोणाच्या लोडमध्ये धरायचा? संस्कृतवाले म्हणाले, आमचा. इतिहासवाले म्हणाले, आमचा. गणितवाल्यांनी आर्यभट काढला, वनस्पतिशास्त्राने चरक काढला, आमच्या विभागाने कौटिल्य काढला. आयुष्यात कधी प्राचीन भारताकडे न फिरकलेली माणसं चार तासिकांसाठी ऋषींचे वारस होऊन उभी राहिली. प्राचार्यांनी शेवटी तो विषय लोड कमी असलेल्या शारीरिक शिक्षण संचालकांना दिला. योग निघालाच त्यात.

हे आपल्याकडचंच मागासलेपण, असं मी समजत होतो. पण सेन्सेई म्हणाले, इथेही तेच, फक्त सूट घालून. जपानात अठरा वर्षांची मुलं १९९२ साली वीस लाखांच्या वर होती. २०२४मध्ये ती जेमतेम साडेदहा लाख. २०२४ साली जवळजवळ साठ टक्के खासगी विद्यापीठांच्या जागा भरल्या नव्हत्या. तेव्हा प्राध्यापक रंगीत माहितीपत्रकं घेऊन शाळाशाळांतून फिरतात, तिथल्या शिक्षकांपुढे वाकतात, नमुन्याचा तास घेऊन दाखवतात. अर्धमागधीवाले सर इथे आले असते तर त्यांना दुसऱ्या दिवशी डीन केलं असतं.

पगार आणि कामाचा हा वाद जुना आहे, इतका जुना की मराठी कॉलेजचा जन्मच त्यात झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ची, फर्ग्युसन १८८५चं. आजीव सदस्यांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं, असा करार. त्यागमूर्ती वगैरे आपण शाळेत वाचलेलं असतं. वहीखाती कोणी वाचत नाही. तिथे प्रश्न हा होता की सदस्याने बाहेर जे कमवायचं ते त्याचं की संस्थेचं, आणि कॉलेजाबाहेर दुसरं काम अंगावर घ्यायचं की नाही. टिळकांचं म्हणणं जेझुइट पाद्र्यांसारखं: एकदा वाहून घेतलं की घेतलं, बाहेरची कामं आणि बाहेरची मिळकत बंद. आगरकर, गोखले वगैरे मंडळींना हे पटेना. संसार ७५ रुपयांत कसा चालतो हे जेझुइटांना विचारून उपयोग नव्हता, त्यांना संसार नसतो. १८९०च्या डिसेंबरात टिळकांनी राजीनामा दिला आणि त्याबरोबर भलंमोठं पत्र जोडलं. आजही प्राध्यापक राजीनाम्यापेक्षा निवेदनच मोठं लिहितो, ती परंपरा तिथली.

त्यातली खरी मजा पुढे आहे. टिळक गेले, गणित शिकवायला माणूस हवा, म्हणून १८९१ साली गोखल्यांनी धोंडो केशव कर्वे यांना बोलावून घेतलं. कर्व्यांनी फर्ग्युसनात १९१४पर्यंत गणित शिकवलं. आणि उरलेल्या वेळात? हिंगण्याला विधवांसाठी आश्रम चालवला आणि तिथून कॉलेजपर्यंत चिखल तुडवत पायी ये-जा केली. म्हणजे बाहेरचं काम! आजच्या नियमात हे कुठल्या रकान्यात बसवलं असतं? 'विस्तारकार्य: जास्तीत जास्त पाच गुण, पुरावा जोडणे.' कर्व्यांकडे फोटो नसता तर गुण शून्य. पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजहून गणितात पहिले येऊन, सरकारी नोकरीत कितीतरी पट मिळत असताना, त्याच ७५ रुपयांवर येऊन बसले आणि १९०२ साली प्राचार्य झाले.

कर्व्यांची गोष्ट सेन्सेईंना सांगायला मला एक निमित्तही होतं. बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी कर्व्यांना एक पुस्तिका पाठवली होती, टोकियोतल्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी. नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली काढलेलं ते विद्यापीठ. कर्व्यांनी ती वाचली, आणि १९१६ साली पुण्यात आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. पुढे जगप्रवासात ते टोकियोलाही येऊन गेले. नारुसेंचं ते विद्यापीठ अजून मेजिरोला आहे, आमच्या घरापासून फार तर तासाभरावर. सेन्सेईंनी सगळं शांतपणे ऐकलं. डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भारावले. मग विचारलं, "विद्यापीठ काढल्याबद्दल कर्वे-सेन्सेईंना किती कोमा माफ केले?"

एकही नाही, मी म्हटलं. ते तेव्हा निवृत्त झालेले होते.

"मग बरोबर," सेन्सेई म्हणाले. "ते काम पूर्णवेळ असताना कोणाला जमणार? मीटिंगा असतात."

या एप्रिलला जपानी शैक्षणिक वर्ष सुरू झालं आणि सेन्सेईंच्या एका विद्यापीठाने दोन कोमा कमी केले. मुलं कमी आली. तेराचे अकरा झाले. लिफ्टमध्ये मी वाकून म्हटलं, जरा विश्रांती मिळेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आमची स्टाफरूम आठवली. ते आता पाचवं विद्यापीठ शोधतायत.

आपल्याकडे जूनमध्ये तासिकांच्या मुलाखती सुरू होतील. वाचकहो, तुमच्या गल्लीत, नात्यात, मुलीसाठी आलेल्या स्थळांत एखादा तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक नक्की असेल. त्याला 'कायम झालात का?' हे कृपा करून विचारू नका. 'मागच्या सत्राचं मानधन जमा झालं का?' असं विचारा. याचं उत्तर तरी कधीतरी 'हो' येण्याची शक्यता असते.